कराडचे परराष्ट्रमंत्री : यशवंतराव चव्हाण, १९७४ ते १९७७



मागच्या वेळी आपण सुएझपासून निघून कॅम्प डेव्हिडपर्यंत आलो होतो. व्याख्यान संपल्यावर एक विद्यार्थिनी व्यासपीठाजवळ आली आणि म्हणाली, "सर, इजिप्तच्या चार परराष्ट्रमंत्र्यांची नावं तुम्ही न अडखळता सांगितलीत. आपल्या गावचे एक परराष्ट्रमंत्री होऊन गेले, त्यांच्यावर कधी बोलणार?" मी जरा ओशाळलो. पन्नास वर्षं मी या गावात राहतो. प्रीतिसंगमावर रोज संध्याकाळी फिरायला जातो, म्हणजे यशवंतरावांच्या समाधीवरूनच जातो म्हणा ना. पण त्यांच्या परराष्ट्र खात्यातल्या अडीच वर्षांवर मी एकही व्याख्यान दिलेलं नाही. दुसऱ्या कुणी दिलेलं माझ्या ऐकण्यात नाही. आपण मुख्यमंत्री यशवंतरावांवर बोलतो, संरक्षणमंत्री यशवंतरावांवर बोलतो, कृष्णाकाठच्या यशवंतरावांवर तर गहिवरून बोलतो. १० ऑक्टोबर १९७४ ते मार्च १९७७ हा काळ मात्र आपण पटकन उलटून टाकतो. त्याला कारण आहे, आणि ते आपल्या सर्वांना माहीत आहे. त्या अडीच वर्षांतली एकवीस महिने आणीबाणी होती.

तर आज त्यावर बोलू. गौरवही नको आणि खटलाही नको. काय घडलं ते आधी पाहू, मग आपल्याला काय वाटतं ते.

सुरुवातीचं चरित्र मी भराभर सांगतो, कारण इथल्या शाळकरी मुलांनाही ते पाठ आहे. जन्म १२ मार्च १९१३, देवराष्ट्रे, आजोळी. वडील कोर्टात बेलिफ. ते प्लेगात गेले तेव्हा हा मुलगा चार-पाच वर्षांचा. विठाईंनी मुलं वाढवली. कराडला टिळक हायस्कूल. १९२९ साली लाहोरच्या तुरुंगात जतीन दासांनी त्रेसष्ट दिवस उपोषण करून प्राण सोडला, त्याचा या सोळा वर्षांच्या मुलावर खोल परिणाम झाला. १९३२ साली अठरा महिन्यांची शिक्षा झाली, आणि येरवड्यात आचार्य भागवतांसारख्या माणसांच्या सहवासात त्यांचं खरं शिक्षण झालं. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून इतिहास आणि राज्यशास्त्र घेऊन बी.ए., पुण्याला कायदा. मधे काही काळ मानवेंद्रनाथ रॉय यांचा प्रभाव, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या प्रश्नावर त्यांच्यापासून दूर होणं. जून १९४२ मध्ये वेणूताईंशी लग्न, ऑगस्टमध्ये भूमिगत. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा पोलिसांनी त्या नव्या नवरीला पकडून तुरुंगात घातलं.

यातली एक गोष्ट पुढे लागणार आहे, ती बाजूला काढून ठेवा. हा माणूस येरवड्यात बसलेला होता. विनाकारण तुरुंगात जाणं म्हणजे काय आणि घरच्यांना ते कसं भोगावं लागतं, हे त्याला पुस्तकातून शिकायचं नव्हतं.

आता मुत्सद्देगिरी. परराष्ट्र खातं मिळालं तेव्हा लोक म्हणाले की यशवंतरावांना अर्थखात्यावरून काढून बाजूला बसवलं. त्यात तथ्य होतं. परराष्ट्र धोरण त्या काळी पंतप्रधानांच्या कार्यालयातून चालत असे. नेहरूंनी तर ते खातं सतरा वर्षं स्वतःकडेच ठेवलं होतं, आणि इंदिराबाईंची पद्धत त्याहून फार वेगळी नव्हती. पण माझं म्हणणं असं की हा माणूस स्वभावाने मुत्सद्दी होता, खातं मिळण्याच्या पुष्कळ आधीपासून. पुरावा इथलाच देतो. १९५५ साली संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर त्यांनी फलटणला नेहरूंची बाजू घेतली, आणि अख्खा मराठी मुलूख त्यांच्यावर उलटला. ३० नोव्हेंबर १९५७ ला नेहरू प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले. खाली वाई-पोलादपूरच्या रस्त्यावर काळी निशाणं घेऊन विरोधक उभे. यशवंतराव तेव्हा द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री. पाहुणा अपमानित होता कामा नये, आणि निदर्शकांवर गोळीही चालता कामा नये. दोन्ही साधलं. कार्यक्रम पार पडला, आणि नेहरूंनी लोकांच्या मनात काय आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. पुढच्या अडीच वर्षांत महाराष्ट्र झाला. आंदोलन नसतं तर झाला नसता, हे उघड आहे. पण दिल्लीच्या मनात ती गोष्ट हळूहळू उतरवली ती या माणसाने. समोरच्याला हरवल्यासारखं वाटू न देता आपल्याला हवं ते मिळवायचं. 'बेरजेचं राजकारण' हा शब्द पुढे गुळगुळीत झाला. आज तो पक्षांतराला वापरतात. मूळचा अर्थ हा होता.

नोव्हेंबर १९६२. चीनने नेफामध्ये आपली दाणादाण उडवली, कृष्ण मेनन गेले, आणि यशवंतरावांना दिल्लीला बोलावणं आलं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य आपल्याकडे इतक्या भाषणांत आलंय की आता ते ऐकू येत नाही. ते दिल्लीत पोचतात तोच चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. म्हणजे लढायला गेले आणि हाती आलं ते मोडलेलं घर दुरुस्त करण्याचं काम.

मग १९६५. १ सप्टेंबर, छांब. पाकिस्तानचे पॅटन रणगाडे पुढे सरकलेत, अखनूरचा पूल गेला तर काश्मीरचा रस्ता तुटतो. संध्याकाळ होत आलेली. लष्करप्रमुख चौधरी संरक्षणमंत्र्यांच्या खोलीत येऊन सांगतात की हवाई दल वापरावं लागेल. अर्जनसिंग तिथेच आहेत. मंडळी, १९६२ च्या युद्धात आपण लढाऊ विमानं वापरलीच नव्हती. विमानं वापरणं म्हणजे युद्धाची पातळी चढवणं, आणि त्याचे परिणाम सगळ्या जगाबरोबर निस्तरणं. यशवंतरावांनी मंत्रिमंडळाच्या समितीची वाट पाहिली नाही. काही मिनिटांत 'हो' म्हणाले. सूर्यास्ताच्या आत विमानं छांबवर होती. त्याच संध्याकाळी आपली चार व्हॅम्पायर विमानं पडली, हेही सांगितलं पाहिजे. निर्णयाची किंमत पहिल्या तासातच मोजावी लागली. पण निर्णय बरोबर होता. त्या युद्धातली त्यांची रोजनिशी पुढे त्यांचे सचिव राम प्रधान यांनी संपादित करून छापली. मिळाली तर जरूर वाचा. भाषा कोरडी, वाक्यं तुटक, आणि कुठेही 'मी'चा डंका नाही.

ही दुसरी गोष्ट बाजूला काढून ठेवा. वेळ आली की हा माणूस कुणाला न विचारता निर्णय घेऊ शकत होता.

जानेवारी १९६६ मध्ये शास्त्रीजींबरोबर ते ताश्कंदला होते. जिंकलेली हाजीपीर खिंड परत द्यायच्या करारावर सही झाली, आणि त्याच रात्री शास्त्रीजी गेले. आपल्या सैनिकांनी घेतलेला मुलूख टेबलावर परत द्यावा लागतो, हा मुत्सद्देगिरीतला सगळ्यात कडू धडा. संरक्षणमंत्री म्हणून तो त्यांनी तिथे बसून घेतला.

पुढे गृह, अर्थ. ते मी सोडून देतो, नाहीतर आपण रात्री इथेच जेवायला बसू.

ऑक्टोबर १९७४. सरदार स्वर्णसिंगांकडून परराष्ट्र खातं घेतलं, आणि तीन आठवडे झाले नाहीत तोच हेन्री किसिंजर दिल्लीत. हाच तो माणूस, ज्याने १९७१ मध्ये निक्सनच्या बरोबरीने पाकिस्तानची पाठराखण केली होती. सातवं आरमार बंगालच्या उपसागरात पाठवलं ते आपण विसरलो नव्हतो. शिवाय मे १९७४ ला पोखरणचा स्फोट झालेला. अशा वेळी २८ ऑक्टोबरला चव्हाण आणि किसिंजर यांनी भारत-अमेरिका संयुक्त आयोगाच्या करारावर सह्या केल्या. व्यापार, विज्ञान, शिक्षण-संस्कृती असे तीन विभाग. ऐकायला रुक्ष वाटतं, पण मोडलेली बोलणी पुन्हा जोडायला असंच काहीतरी रुक्ष लागतं. चार महिन्यांनी, फेब्रुवारी १९७५ मध्ये, अमेरिकेने पाकिस्तानवरची शस्त्रबंदी उठवली. यशवंतरावांचा वॉशिंग्टनचा दौरा ठरलेला होता, तो त्यांनी रद्द केला. आरडाओरडा केला नाही आणि करारही फाडला नाही. आयोगाची बैठक ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनला झाली, आणि तिला ते गेले.

आता ज्या गोष्टीसाठी मराठी माणसाने तरी त्यांची ही अडीच वर्षं लक्षात ठेवायला हवीत, ती सांगतो. ती म्हणजे गोवा.

गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला, हे सगळ्यांना माहीत आहे. पण पोर्तुगालच्या लेखी तो मुक्त झालाच नव्हता. सालाझारच्या दृष्टीने गोवा, दमण, दीव हे पोर्तुगालचे प्रांतच होते, तात्पुरते परकीयांच्या ताब्यात गेलेले. दादरा-नगरहवेलीसाठी तर पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला होता. राजनैतिक संबंध १९५५ पासून तुटलेले. तेरा वर्षं आपण तिथे राहत होतो, निवडणुका घेत होतो, आणि कागदावर लिस्बन म्हणत होतं की हे आमचं. मग २५ एप्रिल १९७४ ला लिस्बनमध्ये लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांनी ती हुकूमशाही उलथून टाकली. लोकांनी त्यांच्या बंदुकांच्या नळ्यांत फुलं खोचली. नवे परराष्ट्रमंत्री झाले मारिओ सोआरिश. समाजवादी. सालाझारच्या पोलिसांनी त्यांना पुन्हा पुन्हा तुरुंगात टाकलं होतं, साओ तोमेच्या बेटावर हद्दपार केलं होतं, आणि नंतर ते फ्रान्समध्ये परागंदा होते.

३१ डिसेंबर १९७४ ला नवी दिल्लीत सोआरिश आणि यशवंतराव यांनी करारावर सह्या केल्या. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगरहवेली यांच्यावर भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केलं. तेही सहीच्या तारखेपासून नाही हं. हे प्रदेश ज्या ज्या दिवशी भारतात आले, त्या त्या दिवसापासून! वकिलाला यातली मेख लगेच कळेल. यशवंतराव वकील होते. मागचं सगळं कायदेशीर होऊन गेलं. बदल्यात संबंध पुन्हा सुरू, पोर्तुगीज भाषा-संस्कृतीसाठी करार, दप्तरखान्यातल्या कागदांचा आणि मालमत्तेचा प्रश्न बोलून सोडवायचा. समोरच्याला हरवल्यासारखं वाटू न देण्याची तीच जुनी रीत.

मला त्या खोलीतलं दृश्य मनात आणायला आवडतं. टेबलाच्या एका बाजूला येरवड्याचा जुना कैदी, दुसऱ्या बाजूला लिस्बनचा. साडेचारशे वर्षांचं साम्राज्य भारतातून कागदोपत्री संपतंय, आणि ते संपवणारे दोघेही तुरुंगातून आलेले.

त्यात आणखी एक पदर आहे. जानेवारी १९६७ मध्ये गोव्यात जनमत कौल झाला: महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं. तेव्हा देशाचे गृहमंत्री होते यशवंतराव. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री, मनातून विलीनीकरणाच्या बाजूचे, आणि आता पंचाच्या जागेवर. कौल सुमारे चौतीस हजार मतांनी विलीनीकरणाच्या विरोधात गेला. तो त्यांनी मान्य केला. महाराष्ट्रात त्याबद्दल त्यांना बोल लावणारे होते, माझे वडीलही त्यातलेच. आज मला वाटतं, गोव्याच्या लोकांना विचारून ठरवलेलं होतं म्हणूनच सात वर्षांनी सोआरिशसमोर मान वर करून बसता आलं.

एप्रिल १९७५ मध्ये सिक्कीम. राज्य म्हणून सिक्कीमला भारतात घेणारं घटनादुरुस्तीचं विधेयक लोकसभेत मांडलं ते यशवंतरावांनी, परराष्ट्रमंत्री म्हणून. परराष्ट्रमंत्र्याने घटनादुरुस्ती मांडावी हेच किती बोलकं आहे बघा! काल परका असलेला मुलूख आज घरचा. १४ एप्रिलला तिथे सार्वमत झालं आणि महिनाभरात सगळं संपलं. मला या प्रकरणातली घाई तेव्हाही खटकली होती, आजही खटकते. सांगली, औंध, जत ही संस्थानं विलीन होताना पाहिलेल्या भागातली आपण माणसं. राजाचं राज्य गेल्याचं मला दुःख नाही. पण ज्या पद्धतीने गेलं त्याचे कागद अजून नीट वाचले गेले पाहिजेत.

आणि १९७६. एप्रिलमध्ये यशवंतरावांनी संसदेत सांगितलं की भारत पेकिंगला पुन्हा राजदूत पाठवणार. १९६१ नंतर तिथे आपला राजदूत नव्हता. पाठवले गेले के. आर. नारायणन, जे पुढे राष्ट्रपती झाले. मे महिन्यात पाकिस्तानशी करार झाला, राजदूत परत गेले, आणि २२ जुलैला अमृतसर-लाहोर समझौता एक्स्प्रेस सुटली. चीनच्या आक्रमणामुळे ज्याला दिल्लीला बोलावलं, आणि पाकिस्तानशी युद्ध ज्याने संरक्षणमंत्री म्हणून लढवलं, त्याच माणसाच्या कारकिर्दीत या दोन्ही दारांच्या कड्या निघाल्या. मला हे फार मोलाचं वाटतं. लढलेला माणूस तहाला बसला की घरचे लोक त्याला भित्रा म्हणू शकत नाहीत.

इथे थांबलो तर व्याख्यान छान होईल. टाळ्या वाजवून आपण घरी जाऊ. पण मी अजून जून १९७५ सोडूनच बोलतोय.

२५ जूनच्या रात्री राष्ट्रपतींची सही झाली. मंत्रिमंडळाला कळलं ते २६ च्या भल्या पहाटे, बोलावून घेऊन. म्हणजे विचारलं नाही, सांगितलं. तोपर्यंत जयप्रकाश आणि मोरारजी पकडले गेले होते. त्या बैठकीत कुणी उठून 'नाही' म्हटलं नाही. यशवंतरावही म्हणाले नाहीत. पुढची एकवीस महिने ते परराष्ट्रमंत्री राहिले. त्या काळात देशाचा परराष्ट्रमंत्री बाहेर जाईल तिथे त्याला एकच प्रश्न विचारला जाणार, आणि त्याला त्याचं उत्तर सरकारच्या बाजूनेच द्यावं लागणार.

मी तेव्हा पंचवीस-सव्वीस वर्षांचा होतो. नुकताच नोकरीला लागलेला, लग्न ठरलेलं. आमच्याबरोबर शिकवणाऱ्या एका मित्राला मिसाखाली उचललं आणि येरवड्याला नेलं. त्याची आई एके दिवशी माझ्या खोलीवर आली. जिना चढून दमली होती. पाणी प्यायली आणि म्हणाली, "तुमचे साहेब दिल्लीत आहेत न्हवं? तेबी तुरुंगात होते म्हणत्यात. त्यास्नी कुणी सांगत का न्हाई?" मी म्हणालो, "बघू काकू." काय बघणार होतो मी? त्या सत्रात मी दुसऱ्या वर्षाला सॉक्रेटिसचा खटला शिकवत होतो. अथेन्सच्या न्यायालयात तो कसा ताठ उभा राहिला, ते रंगवून सांगत होतो. आणि घरी आल्यावर मित्राची पत्रं कपाटात पुस्तकांच्या मागे ठेवत होतो. तेव्हा यशवंतरावांवर मी आज जे बोलणार आहे ते या जागेवरून बोलतोय, हे आधीच सांगून ठेवतो. गप्प बसलेला माणूस गप्प बसलेल्या माणसाबद्दल बोलतोय.

मागच्या व्याख्यानातला इस्माईल फहमी आठवतो ना? यशवंतरावांचा समकालीन, १९७३ पासून इजिप्तचा परराष्ट्रमंत्री. नोव्हेंबर १९७७ मध्ये सादातने जेरुसलेमला जायचं ठरवलं. फहमीला ते पटेना. विमान सुटायच्या दोन दिवस आधी त्याने राजीनामा दिला. त्याच्या खात्यातल्या राज्यमंत्र्यानेही त्याच दिवशी दिला. मग सादातबरोबर गेला तो बुट्रोस घाली, कैरो विद्यापीठातला आंतरराष्ट्रीय कायद्याचा प्राध्यापक, पुढे संयुक्त राष्ट्रांचा महासचिव. त्यानंतरचा परराष्ट्रमंत्री मोहम्मद इब्राहिम कामेल, त्याने ऐन कॅम्प डेव्हिडमध्ये राजीनामा दिला. घाली राहिला. आणि सिनाई वाळवंट इजिप्तला परत मिळालं, ते राहिलेल्या माणसांच्या हातून.

म्हणजे राजीनामा देणारा थोर आणि राहणारा लाचार, असं सोपं नाही. मॅक्स वेबरने १९१९ साली म्युनिकमध्ये विद्यार्थ्यांपुढे एक व्याख्यान दिलं होतं, राजकारण हा व्यवसाय म्हणून कसा करावा यावर. त्यात तो दोन नीती वेगळ्या करतो. एक निष्ठेची: मला जे योग्य वाटतं ते मी करणार, परिणाम काही का होईना. दुसरी जबाबदारीची: माझ्या कृतीचे परिणाम मला भोगायचेत आणि इतरांनाही, तेव्हा ते मोजून पाऊल टाकणार. यशवंतराव संपूर्णपणे दुसऱ्या जातीचे. त्यांचे चाहते इथेच थांबतात आणि म्हणतात, बघा, ते जबाबदारीने वागले, आत राहून शक्य तेवढं केलं. पण वेबर तिथे थांबत नाही. तो म्हणतो की जबाबदारीने वागणाऱ्या माणसाच्याही आयुष्यात एक जागा येते, जिथे हिशेब संपतो आणि त्याला म्हणावं लागतं की याच्यापुढे मला जाता येत नाही. ज्याला ती जागा दिसतच नाही, त्याच्या जबाबदारीत काहीतरी कमी आहे.

आता आत राहून त्यांनी काय साधलं, हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारू. पेकिंगला राजदूत गेला, समझौता एक्स्प्रेस सुटली. पण यशवंतरावांनी राजीनामा दिला असता तर हे झालं नसतं का? झालंच असतं. हे निर्णय इंदिराबाईंचे होते, दुसरा कुणी परराष्ट्रमंत्री असता तरी त्याने ते पार पाडले असते. घालीच्या बाजूने जो युक्तिवाद करता येतो, तो इथे लागू पडत नाही. उलट बाजूला पाहा. महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा नेता, साखर कारखान्यांपासून जिल्हा परिषदांपर्यंत ज्याच्या शब्दाला वजन, त्याने जून १९७५ मध्ये एक वाक्य उच्चारलं असतं तर? कदाचित तेही तुरुंगात गेले असते. कदाचित काहीच झालं नसतं. पण माझ्या मित्राच्या आईला उत्तर मिळालं असतं.

मग त्यांनी ते का केलं नाही? भीती म्हणाल तर मी मानणार नाही. छांबच्या संध्याकाळी काही मिनिटांत 'हो' म्हणणारा माणूस भित्रा नव्हता. सत्तेचा मोह? थोडा असेलही, कुणाला नसतो. मला जे वाटतं ते वेगळं आहे. ज्या गुणावर त्यांचं सगळं कर्तृत्व उभं होतं, तोच इथे आड आला. बेरीज. प्रतापगडावर बेरीज चालली, गोव्यात चालली, लिस्बनशी चालली. माणूस जोडत राहायचा, दार उघडं ठेवायचं, आजचा अपमान गिळून उद्याची वाट पाहायची. आयुष्यभर याने यश दिलं. मग एक दिवस असा आला की वजाबाकी करायला हवी होती, स्वतःला वजा करायला हवं होतं, आणि ते गणित त्यांनी कधी केलंच नव्हतं. युद्धात 'हो' म्हणायला धैर्य लागतं. आपल्याच पक्षाच्या, आपल्याच नेत्याला 'नाही' म्हणायला लागतं ते धैर्य निराळं, एकाचा सराव दुसऱ्याला उपयोगी पडत नाही.

जगजीवनराम फेब्रुवारी १९७७ मध्ये बाहेर पडले. आणीबाणीचा ठराव लोकसभेत त्यांनीच मांडला होता, तेव्हा त्यांना फार मोठं म्हणायचं कारण नाही. पण पडले. यशवंतराव तेव्हाही राहिले. मार्चमध्ये उत्तरेत काँग्रेस धुवून निघाली, आणि साताऱ्याने यशवंतरावांना पुन्हा निवडून दिलं. हेही आपल्यालाच विचारायला हवं, नाही का? आपण त्यांना दिल्लीला पाठवत होतो, आणि काहीही विचारत नव्हतो. पुढची कहाणी तुम्हाला माहीत आहे. विरोधी पक्षनेते, पक्षफूट, १९७९ मध्ये मोरारजींच्या सरकारवर अविश्वास ठराव, चरणसिंगांच्या मंत्रिमंडळात उपपंतप्रधान, आणि शेवटी पुन्हा इंदिरा काँग्रेसच्या दारात. त्या काळातले त्यांचे फोटो पाहिले की मला वाईट वाटतं. चेहऱ्यावरचं हसू तेच आहे, डोळे थकलेत.

परदेशात असताना ते वेणूताईंना पत्रं लिहीत. ती 'विदेश दर्शन' या नावाने पुस्तकरूपाने आली आहेत. परराष्ट्रमंत्री ज्या मोठ्या लोकांना भेटतो त्यांच्याबद्दल, शहरांबद्दल, माणसांबद्दल घरच्या माणसाशी बोलावं तसं लिहिलंय. विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगतो, यशवंतराव समजून घ्यायचे तर भाषणं नंतर वाचा, आधी ही पत्रं. जिच्याजवळ मनातलं बोलायचं ते माणूस १ जून १९८३ ला गेलं, लग्नाच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. त्यानंतर दीड वर्षही ते जगले नाहीत. २५ नोव्हेंबर १९८४, दिल्ली. प्रीतिसंगमावर त्या वेळी लोटलेली माणसं तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. मीही त्या गर्दीत होतो. तो येरवड्याला गेलेला मित्रही आला होता. मी त्याला विचारलं, तू कसा? म्हणाला, "अरे, आपलाच माणूस तो." पुढे काही बोलला नाही, आणि मीही विचारलं नाही.

त्यांच्या आत्मचरित्राचा पहिला खंड 'कृष्णाकाठ' त्याच वर्षी आला. तो १९४६ ला संपतो. पुढचे खंड लिहायचा त्यांचा बेत होता, आणि दिल्लीच्या वर्षांच्या खंडाला 'यमुनाकाठ' नाव द्यायचं ठरलं होतं. तो लिहून झाला नाही. त्यांच्या पुस्तकांचा संग्रह इथे वेणूताईंच्या स्मारकात आहे. मी तिथे कधी कधी नुसता जाऊन बसतो. २६ जून १९७५ च्या सकाळी घरी परत आल्यावर ते वेणूताईंशी काय बोलले असतील, हे त्या न लिहिलेल्या पुस्तकात असतं की नसतं, असा विचार करत. माझा अंदाज, नसतं. पण माझा अंदाज चुकावा अशी माझी इच्छा आहे.

आता कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. ती मागच्या वेळची विद्यार्थिनी आलीय का? माईक तिच्याकडे आधी द्या.